सोपीव खात्यांची उत्तरे

विधिमंडळात सभासदाने प्रश्न विचारावा आणि सरकारपक्षाने उभे राहून त्याचे उत्तर द्यावे, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कधी काळी कोणाला मिळवावी लागली असेल असे सहसा मनातही येत नाही. मुंबई इलाख्यापुरते पाहावयाचे तर १८६१ च्या कायद्याने जे कौन्सिल अस्तित्वात आले, त्याच्या सभासदांस प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. सरकारने पुढे ठेवलेल्या मसुद्यावर बोलावे आणि घरी जावे, एवढेच त्यांचे काम. १८९२ च्या कायद्याने प्रश्नाला प्रथम जागा मिळाली. परंतु तो आगाऊ लेखी द्यावयाचा, उत्तर ऐकून घ्यावयाचे आणि मुकाट्याने खाली बसावयाचे. उत्तर कितीही अपुरे असले तरी त्यावर दुसरा प्रश्न नाही, मग चर्चेची गोष्ट दूरच. टिळक, गोखले, फेरोजशहा मेहता यांच्यासारखी माणसे याच नियमाखाली मुंबईच्या कौन्सिलात बसली होती. पुढे १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा दिली, आणि १९१९ च्या कायद्याखालील नियमांनी ती कोणाही सभासदाला दिली. एका उपप्रश्नासाठी अठ्ठावन्न वर्षे लागली!

हा फरक दिसतो तितका किरकोळ नाही. लेखी प्रश्नाचे उत्तर सचिवालयात तयार होते. ते वाचून दाखविणाऱ्याला त्यातले काही कळलेच पाहिजे असे नाही. उपप्रश्न मात्र समोरच्या माणसाला विचारलेला असतो. "माहिती गोळा करण्यात येत आहे" असे छापील उत्तर आल्यावर "केव्हापासून?" असे कोणी विचारले की, कागद संपतो आणि दिवाणसाहेबांची परीक्षा सुरू होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी मुंबई प्रांताला जे काही दिले, त्यात हा लहानसा अधिकार पुष्कळांच्या नजरेतून सुटला. कारण त्या वेळी सर्वांचे लक्ष एका मोठ्या आणि चमत्कारिक वस्तूकडे लागले होते, ती म्हणजे द्विदल राज्यपद्धती.

या पद्धतीत प्रथम हिंदुस्थान सरकारने काही विषय प्रांताकडे सोपविले. ज्या नियमांनी हे झाले त्यांना 'डिव्होल्युशन रूल्स' असेच नाव होते. मग प्रांतात त्या विषयांचे पुन्हा दोन वाटे केले. शिक्षण, आरोग्य, वैद्यक, स्थानिक स्वराज्य, शेती, अबकारी ही 'सोपीव' खाती. त्यांचा कारभार कौन्सिलच्या सभासदांतून निवडलेल्या दिवाणांकडे, आणि ते दिवाण कौन्सिलला जबाबदार. पोलीस, न्याय, जमीनमहसूल, पाटबंधारे आणि मुख्य म्हणजे जमाखर्च ही 'राखीव' खाती. ती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे, आणि ते मंडळ कौन्सिलला जबाबदार नाही. मुंबईत १९२१ साली कार्यकारी मंडळाचे चार सभासद आणि तीन दिवाण नेमले गेले. चुनीलाल मेहता, गुलाम हुसेन हिदायतुल्ला आणि रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे ते तीन दिवाण. परांजपे यांच्याकडे शिक्षणखाते होते. कौन्सिलचे अध्यक्षपद नारायणराव चंदावरकरांकडे आले. एका घरात दोन चुली मांडल्या, पण कोठीची किल्ली एकीच्याच कनवटीला राहिली, असे या व्यवस्थेचे वर्णन केले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

त्यातून कोठीही भरलेली नव्हती. मेस्टन साहेबांच्या वाटणीप्रमाणे प्राप्तीवरील कराचे उत्पन्न बव्हंशी मध्यवर्ती सरकारकडे गेले, आणि शिवाय मुंबईने वर्षाला ५६ लाख रुपये मध्यवर्ती सरकारला द्यावयाचे ठरले. व्यापार आणि गिरण्या यांवर उभ्या असलेल्या प्रांताला हा घाव मोठा होता. याच वर्षांत बॅकबेचा समुद्र बुजविण्यासाठी कोट्यवधी रुपये पाण्यात पडत होते. त्या खात्यावर कौन्सिलमध्ये आणि वर्तमानपत्रांत तोफ डागणारे खुर्शेद नरीमन यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली आणि १९२८ साली ते निर्दोष सुटले, ही एक स्वतंत्रच कथा आहे. तात्पर्य, शाळा काढा म्हणून सांगणारे कौन्सिल, काढतो म्हणणारे दिवाण, आणि पैसा नाही म्हणणारे जमाखर्च खाते, असा हा त्रिकोण होता. सभासदाने प्रश्न दिवाणांना विचारावयाचा. त्याचे खरे उत्तर ज्याच्याजवळ, तो माणूस त्याच सभागृहात पलीकडच्या बाकावर बसलेला, आणि त्याला हलविण्याची शक्ती कौन्सिलजवळ नाही. सोपीव खात्याची रक्कम कौन्सिलने नाकारली तर ती बहुधा गेली. राखीव खात्याची नाकारली तर गव्हर्नरने सही करून ती पुन्हा घालावी. शेजारच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात स्वराज्यपक्षाच्या सभासदांनी १९२४ साली दिवाणांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवून या पद्धतीची जी थट्टा केली ती प्रसिद्धच आहे. दिवाण गेले आणि सोपीव खातीही गव्हर्नरच्या हाती पडली. मुंबईत तसे झाले नाही. येथे कारभार चालू राहिला, प्रश्न विचारले जात राहिले, आणि म्हणूनच या पद्धतीत प्रश्नाचे बळ किती आणि दौर्बल्य किती, हे पाहावयास मुंबईचे उदाहरण अधिक उपयोगी आहे.

त्यातल्या त्यात एकच प्रकरण घ्यावे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कौन्सिलात एक ठराव मांडला व तो मंजूर झाला. बोले हे भंडारी समाजातील, मुंबईच्या गिरणी कामगारांत वर्षानुवर्षे वावरलेले गृहस्थ. काँग्रेसने ज्या कौन्सिलावर बहिष्कार घातला होता, त्याच कौन्सिलात हा ठराव झाला, हे विसरू नये. ठरावाचा आशय असा की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व राखलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या अगर कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेल्या सर्व पाणवठ्यांचा, विहिरींचा व धर्मशाळांचा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यवर्गास करू द्यावा, अशी कौन्सिलची शिफारस आहे.

या ठरावाचे शब्द पुन्हा वाचण्यासारखे आहेत. यात धर्माचा उल्लेख नाही, दयेचा नाही, शास्त्राधाराचाही नाही. विहीर कोणाच्या पैशाने बांधली, एवढाच प्रश्न. कर देणाऱ्यात महार-चांभार होतेच. मग त्याच पैशाने बांधलेल्या दवाखान्याच्या पायरीबाहेर त्यांनी का उभे राहावे? इतक्या साध्या आणि हिशेबी भाषेत हा प्रश्न मुंबई प्रांताच्या सरकारपुढे क्वचितच मांडला गेला असेल. ज्या सेवांसाठी सुधारणांनी दिवाण नेमले होते, नेमक्या त्याच सेवांची ही यादी होती.

आता सरकारने काय केले ते पाहावे. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारी ठराव निघाला. सरकारच्या मालकीच्या व सरकार चालवीत असलेल्या जागांपुरती या शिफारशीची अंमलबजावणी करावी, असा हुकूम सर्व खातेप्रमुखांस देण्यात आला. येथवर सर्व ठीक. परंतु गावची विहीर सरकारची नसते. ती लोकल बोर्डाची. शहराचे तळे म्युनिसिपालिटीचे. शाळांचेही तेच होऊ घातले होते, कारण त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती द्यावयाचे ठरले होते. या संस्थांबाबत सरकारी ठरावात एवढेच होते की, आपल्या हद्दीतील स्थानिक संस्थांनी ही शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा.

कौन्सिलने सरकारला शिफारस केली. सरकारने कलेक्टरला विनंती केली. कलेक्टरने बोर्डाला सल्ला दिला. आणि बोर्डाने इष्टतेचा विचार केला. पाणी मागणाऱ्याच्या घागरीपर्यंत येईतो हुकुमाचा सल्ला झाला आणि सल्ल्याचा नुसता विचार! यात कोणी एकाने लबाडी केली असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपल्या अधिकाराच्या मर्यादेत राहून कागद पुढे सरकविला. लंडनहून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून तालुक्याला अशी सत्ता एकेक पायरी खाली उतरत गेली म्हणजे ती लोकांच्या जवळ येते, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. पण खालच्या पायरीवर जे लोक बसलेले असतात त्यांचीच विहीर बंद ठेवण्याची इच्छा असली, तर उतरत्या सत्तेबरोबर न्यायही खाली उतरेल असे नाही. स्थानिक स्वराज्याच्या पुरस्कर्त्यांनी त्या काळी या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत ज्याला मत नाही, त्याच्यासाठी बोर्ड विहीर का मोकळी करील?

शिवाय दुसरीही एक गोम होती. समजा, एखाद्या बोर्डाने धीर करून विहिरीवर पाटी लावली. पहिल्या दिवशी पाण्यावर जाणाऱ्या बाईला कोणी मारहाण केली तर तिचे रक्षण कोणी करावयाचे? पोलिसांनी. आणि पोलीस हे राखीव खाते. विहिरीबद्दल दिवाणांना विचारावे तर ते म्हणणार, विहीर बोर्डाची; बोर्डाला विचारावे तर ते म्हणणार, दंग्याची भीती; दंग्याबद्दल विचारावे तर ते उत्तर देणारा सभासद कौन्सिलला जबाबदार नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार होता, उपप्रश्नाचाही होता. पण उत्तर देणारा आणि करून दाखविण्याची सत्ता असणारा, हे दोघे एका बाकावर बसत नव्हते.

महाडच्या म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले. कागदोपत्री ते खुले झाले. तळ्यावर कोणी गेले नाही, कारण कोणाची छाती झाली नाही. इतरत्र तर कागददेखील हलला नाही. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मांडला: ज्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे १९२३ च्या ठरावाप्रमाणे वागत नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. बोले यांना एवढ्या तीन वर्षांत नेमके वर्म सापडले होते असे म्हणावयास हरकत नाही. बोर्डाला हुकूम देता येत नाही, हे खरे. पण बोर्डाची थैली सरकारच्या पैशाने भरते, हेही खरे. सल्ला ऐकत नाही तो अनुदानाचा आकडा ऐकतो.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२७ मध्ये, डॉ. भीमराव आंबेडकर सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात आले, डॉ. पुरुषोत्तम सोळंकी हे त्यांचे सहकारी. मागण्यांवरील चर्चेत १२ मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी शिक्षणाच्या अनुदानावर जे भाषण केले, ते सोपीव खात्यांना जाब कसा विचारावा याचा नमुना म्हणून वाचण्याजोगे आहे. त्यांनी दिवाणांच्या हेतूंबद्दल शंका घेतली नाही. दोन सोपीव खाती त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. शिक्षणावर सरकार दरडोई चौदा आणे खर्च करते. आणि अबकारीच्या रूपाने तेच सरकार दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शाळेतून परत द्या, एवढीच मागणी! चौथी इयत्ता गाठण्यापूर्वीच शंभरातील ८२ मुले शाळेतून गळतात, म्हणजे त्यांच्यावर झालेला खर्चही वाया जातो, हे त्यांनी दाखविले. शिक्षणखात्याच्या अहवालातील आकडे घेऊन त्यांनी सांगितले की, प्राथमिक शाळांत दर हजार लोकवस्तीमागे प्रगत हिंदूंची ११९ मुले आहेत, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागासलेल्या वर्गाची १८. शिक्षण हे काही जेवढे द्याल तेवढे घ्या अशा व्यापारी हिशेबाने चालवावयाचे खाते नव्हे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते.

या आकड्यांत एक खोच आहे, ती सहज ध्यानात येत नाही. अबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती दिवाणांचीच होती. दारूबंदी करा, असा लोकमताचा रेटा होता. परंतु दारूबंदी केली तर शाळांचा पैसा आटतो. परकी सरकारने नव्या दिवाणांना सापळ्यात पकडण्यासाठी ही खाती मुद्दाम एकत्र सोपविली, असे त्या काळी पुष्कळ जण म्हणत. मुद्दाम असो वा नसो, सापळा होता खरा. आणि या दोन आकड्यांची जोडी सभागृहापुढे ठेवल्यावर तो झाकून ठेवणे कोणालाच शक्य राहिले नाही.

हे भाषण झाले १२ मार्चला. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, आंबेडकर महाडास चवदार तळ्याच्या काठी उभे होते. पुढे काय झाले ते मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे: ओंजळभर पाणी, मग अफवा, मग परिषदेच्या मंडपात परतलेल्या लोकांना झालेली मारहाण. येथे ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, या मंडळींनी कोणताही कायदा मोडला नव्हता. कौन्सिलचा ठराव त्यांच्या बाजूला होता, सरकारचा ठराव होता, खुद्द म्युनिसिपालिटीचाही होता. साडेतीन वर्षे जी शिफारस एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात होती, तिचा अंमल करण्यासाठी ती ज्यांच्याकरिता होती त्यांनाच पायी जावे लागले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहावी: कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या आधी स्पृश्यांपैकी काहींनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला, आणि तळ्याचा प्रश्न कौन्सिलातून न्यायालयात गेला. कौन्सिलातही तो संपला नव्हता. सोळंकी यांच्या ठरावावरून सरकारने नोव्हेंबर १९२८ मध्ये स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक कमिटी नेमली. आंबेडकर, सोळंकी आणि अमृतलाल ठक्कर हे तिच्या सभासदांत होते. १९३० साली तिचा अहवाल आला. कमिट्यांचे अहवाल बहुधा कंटाळवाणे असतात. परंतु या अहवालातील एक कबुली सरकारी कागदात विरळाच आढळेल अशी आहे. सार्वजनिक सोयींचा हक्क मिळवून देण्याचे अनेक उपाय आम्ही सुचविले आहेत खरे, तथापि तो बजावण्यात दीर्घकाळ अडचणी येत राहतील अशी भीती वाटते, असे कमिटीने लिहिले. आणि कारणेही दिली. उघड मारहाणीचे भय हे पहिले. त्याहून मोठे म्हणजे गावोगाव अस्पृश्यांचे पोट ज्यांच्या शेतावर अवलंबून, तेच बहिष्कार घालतात, काम बंद करतात, वाट बंद करतात, वाण्याकडून मीठमिरची मिळू देत नाहीत. सरकारला १९२३ पासून जे प्रश्न विचारले जात होते, त्यांचे इतके सरळ उत्तर कोणत्याही दिवाणाने दिले नव्हते.

सायमन कमिशनच्या कामासाठी मुंबई कौन्सिलने नेमलेल्या समितीत आंबेडकर होते. बहुमताचा अहवाल न पटल्याने त्यांनी १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल दिला. प्रांतातील राखीव-सोपीव हा भेदच नाहीसा करून सर्व खाती जबाबदार मंत्र्यांकडे द्यावी, असे त्यांनी त्यात सुचविले. ज्याने दोन वर्षे अर्ध्या सत्तेच्या दिवाणांस प्रश्न विचारून पाहिले होते, त्याला या मतावर येण्यास पुस्तकी सिद्धांताची गरज नव्हती. मात्र त्याच वेळी कमकुवत वर्गांना कायदेमंडळात पुरेसे प्रतिनिधी आणि मताचा अधिकार यांचीही मागणी त्यांनी केली. नुसती जबाबदारी वाढवून भागत नाही. जबाब विचारणारा माणूस सभागृहात असावा लागतो, हे बोले आणि सोळंकी यांच्या ठरावांच्या इतिहासावरून त्यांना ठाऊक होते.

चवदार तळ्याचा दावा महाडच्या कोर्टापासून चढत चढत मुंबईच्या हायकोर्टात पोहोचला. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १ एप्रिल १९३७ रोजी, प्रांतांतील द्विदल राज्यपद्धती संपुष्टात आली. नव्या विधानसभेत १७५ सभासद होते. सर्व खाती मंत्र्यांची झाली, आणि आंबेडकर आता सरकारनियुक्त सभासद राहिले नव्हते. निवडून आलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे ते पुढारी होते. सार्वजनिक पाणवठ्यावर कोणाला अडविणे हा मुंबई प्रांतात शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला तो १९४६ च्या सामाजिक अपात्रता-निवारणाच्या कायद्याने, म्हणजे बोले यांच्या पहिल्या ठरावानंतर तेवीस वर्षांनी.